सिंधुदुर्गात कॅसिनो नकोच

रेडीची लेक: काल इथे एकाने लिहिलं, "१९७६ चा कॅसिनो कायदा परत आणा, वेंगुर्ल्यासमोर समुद्रात कॅसिनोच्या बोटी उभ्या करा, गोव्यात जाणारा पैसा जिल्ह्यात राहील." वाचून डोकं फिरलं. तो कायदा कधी लागूच झाला नाही, २०२३ मध्ये विधिमंडळाने रद्द केला. भिजत घोंगडं एकदाचं निघालं, ते परत कशाला भिजवता? गोव्याने फेब्रुवारी २०२० पासून स्वतःच्या माणसांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. बांदा-सावंतवाडीची पोरं मात्र पत्रादेवीचा नाका ओलांडला की 'पर्यटक'. त्यांना दार उघडं.

तळकोकणी: तो मीच. पोरं जातातच ना? मग इथे काय वाईट? माझा भाचा पणजीच्या कॅसिनोत पत्ते वाटणारा डीलर आहे, पगार वेळेवर होतो. १९९७ ला आपला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पोरांच्या हाताला काय लागलं?

रेडीची लेक: भाच्याचं चांगलं झालं, आनंद आहे. आमच्या घरातल्याचं ऐका. आधी दुचाकी गेली, मग बायकोचे दागिने पतपेढीत. शेवटी हापूसची कलमं कराराने देऊन पैसे आगाऊ उचलले. आता मोहोर आला की दुसऱ्याचे गडी त्याच्या बागेत फवारणी करतात आणि हा पडवीत बसून बघतो. बोट दारात आली तर अशी घरं किती होतील?

पेंडूरकर: कॅसिनोचं राहू द्या. जत्रेत देवळामागे रात्रभर पट मांडलेले असतात, ते कोणाला दिसत नाहीत? पुढे दशावतार, मागे जुगार. शाळकरी पोरं तिथेच शिकतात.

तळकोकणी: जत्रेक मधी हाडू नको! वर्षातून एक रात्र.

पेंडूरकर: तुमच्या गावात एक. पट मांडणारे तेच, आज या जत्रेला, उद्या त्या. कार्तिकापासून त्यांचा हंगामच असतो. आमच्या गावात एकाने तक्रार केली, तर मानकऱ्यांनी त्यालाच देवाच्या कामात विघ्न आणतो म्हणून सुनावलं.

तळकोकणी: देवस्थानाला नावं ठेवायची असतील तर समोर येऊन बोला.

पेंडूरकर: देवाला कोण बोलतंय? पट मांडू देणाऱ्यांना बोलतोय. तुम्हाला एवढं का झोंबलं?

रेडीची लेक: भांडू नका. पेंडूरकरांचं खरं आहे, जत्रेतलाही बंद व्हायला हवा. पण पट सकाळी गुंडाळला जातो, बोट जात नाही. पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटी हलवणार म्हणून गोवा सरकार कित्येक वर्षं सांगतंय आणि दरवेळी मुदतवाढ देतंय. पणजीकरांनी मोर्चे काढून काय हललं?

तळकोकणी: मांडवीचं मान्य. नदी अडवून ठेवली, हे मलाही पटत नाही. रोजगाराचं उत्तर मात्र तुम्ही अजून दिलेलं नाही.

रेडीची लेक: रोजगार हवाच, पण कलमं गहाण टाकून नको. पुढच्या ग्रामसभेत मी कॅसिनोविरोधी ठराव मांडणार आहे. याल?

पेंडूरकर: येईन. जत्रेतला जुगारही त्याच ठरावात घाला, नाहीतर माझी सही नाही.