प्लाझ्मा मारूनही बायोफिल्म परत येते, कुठे चुकतंय?

बुळबुळीत_चकती: नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पात अडकलेय. १२.७ मिलिमीटरच्या स्टीलच्या चकत्यांवर स्युडोमोनास जिवाणूंची बायोफिल्म, म्हणजे चिकट थर, वाढवते आणि त्यावर आर्गॉनचा प्लाझ्मा जेट (विजेने भारलेल्या वायूचा झोत) धरते. जांभळट बारीक ज्योत, बोट लावलं तर नुसती कोमट लागते. एक दिवसाच्या थरावर पाच मिनिटं धरली की नमुना लावलेली प्लेट कोरी करकरीत. तीन दिवसांच्या थरावर मात्र वसाहतीच वसाहती. थर किती उरला ते दाखवणाऱ्या क्रिस्टल व्हायोलेटचा रंग तर दोन्हीकडे प्लाझ्माआधी होता जवळजवळ तेवढाच! गाईड म्हणतात वेळ वाढव. दहा मिनिटं केली, ढिम्म फरक नाही.

जुना_इन्क्युबेटर: आधी ते बोट लावणं बंद कर, उच्च दाबाची वीज आहे ती. रंगाचं म्हणशील तर क्रिस्टल व्हायोलेट जिवंत-मेलेलं बघत नाही. मढी आणि भोवतीचा चिकटा, सगळंच रंगवतो. प्लाझ्मा मारतो, झाडून काढत नाही. वरचे मेले की त्यांच्याच आडोशाला खालचे सुखरूप. प्लाझ्मातले जिवाणू मारणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल तर पृष्ठभागावरच खर्ची पडतात. ओझोन, पेरॉक्साइड जरा आत जातात, पण जुन्या थरातली शर्करा, प्रथिनं आणि फुटलेल्या पेशींचा डीएनए त्यांनाही वाटेतच गिळतात. सलग दहा मिनिटांपेक्षा पाच मिनिटं, मग हलकं धुणं, परत पाच, असं करून बघ.

खरवड्या: प्लाझ्मा बंद ठेवून नुसता गॅस सोडून पाहिलास का? कोरड्या आर्गॉनने थर वाळतो आणि त्यानेच बरेच मरतात. दुसरं, जेटचा ठिपका काही मिलिमीटरचाच असतो. चकतीच्या कडेचं काय? आणि नमुना कसा काढतेस?

बुळबुळीत_चकती: अरे देवा. एक दिवसाच्या वेळी स्वॅबने फक्त मधला भाग पुसला होता. तीन दिवसांचा थर स्वॅबला निघेना म्हणून अख्खी चकतीच सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी थर सुटा करणारं यंत्र) टाकली. म्हणजे कडा आणि खालची बाजूसुद्धा मोजली! नुसत्या गॅसचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा प्रयोग, एकदाही केलेला नाही. महिनाभर दोन वेगळ्याच गोष्टींची तुलना करत बसले होते.

खरवड्या: होतं असं. आता दोन्हींसाठी एकच पद्धत ठेव, आणि जेट चकतीभर फिरव. खालची बाजू मोजण्याआधी पुसून टाक.

बुळबुळीत_चकती: सोमवारी नव्या चकत्या लावते. गाईडना कसं सांगू, तेवढं फक्त सुचवा.