मदत हवी आहे: पालिका शाळेतल्या मुलीची इंजिनीअरिंगची फी

घणसोली_पालक
नवी मुंबई महापालिकेच्या शाळेतून दहावी झालेली मुलगी आता बारावी सायन्सला आहे. वडील नाका कामगार, कुटुंब मूळचं जालन्याचं, दाखल्यावर ओबीसी. उत्पन्न सव्वा लाखाच्या आत. इंजिनीअरिंगला जायचं म्हणते. पालिका आणि सरकार मिळून फी कितपत निघेल? आतापासून काय करून ठेवायचं?

सेतू_ठाणे
सगळ्यात आधी जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र. बहुतेकांचं गाडं इथंच अडतं. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावर (शाळेच्या रजिस्टरची नक्कल) १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची जातीची नोंद लागते. दाखला जालन्याचा असेल तर पडताळणीही जालन्याच्या समितीकडेच होते, ठाण्याच्या नाही. अर्ज बारावीत असतानाच ज्युनिअर कॉलेजमार्फत टाका. चुलत्याचं किंवा आत्याचं वैधता प्रमाणपत्र असेल तर ते जोडा, काम पुष्कळ हलकं होतं. सोबत नॉन-क्रिमीलेअर (कुटुंब ओबीसीतल्या सधन गटात नसल्याचा दाखला) आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. नवी मुंबई ठाणे तालुक्यात येते, त्यामुळे अर्ज करताना तालुका ठाणे निवडा.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोटा चालत नाही. खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठही चालत नाही, म्हणून पसंतीक्रम भरताना कॉलेज कोणत्या प्रकारचं आहे ते वाचूनच नंबर लावा. डेव्हलपमेंट फी, वसतिगृह, पुस्तकं यात नाहीत.

घणसोली_पालक
हा उरलेला खर्च कशातून? आणि कॉलेजने आधी पूर्ण फी मागितली तर?

नाका_मित्र
वडील बांधकामावर जात असतील तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का, ते आजच बघा. पहिल्या दोन मुलांपुरती इंजिनीअरिंगसाठी वर्षाला ६०,००० रुपये मदत आहे. नोंदणीला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. नाक्यावरच्या माणसाला ठेकेदार सही देत नाही, तेव्हा हे प्रमाणपत्र महापालिकेकडून घेता येतं. नूतनीकरण चुकलं की त्या वर्षाचा अर्ज बाद, म्हणून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पालिकेच्या समाज विकास विभागाची शिष्यवृत्ती वेगळी. पालिका शाळांतले विद्यार्थी, नाका आणि बांधकाम कामगारांची मुलं असे गट त्यात आहेत. अर्ज ऑनलाइन, पालिका हद्दीतल्या वास्तव्याचा पुरावा सक्तीचा. खारघर, कामोठे, कळंबोलीचे लोक इथे फसतात, कारण ती पनवेल महापालिका.

सेतू_ठाणे
पात्र मुलीकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, असे सरकारचे आदेश आहेत. तरीही मागितलं तर तोंडी वाद नको. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, त्याची प्रत तंत्रशिक्षण सहसंचालक कार्यालयात द्या.

महाडीबीटीवर (सरकारी शिष्यवृत्त्यांचं ऑनलाइन पोर्टल) अर्ज भरला की काम संपत नाही. कॉलेजचा क्लार्क त्रुटी काढून अर्ज परत पाठवतो आणि तो मुलांच्या लॉगिनमध्ये पडून राहतो. आठवड्यातून एकदा उघडून बघायचंच. पैसे आधार सीडिंग झालेल्या, म्हणजे थेट सरकारी पैसे येण्यासाठी आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. बँकेत केवायसी झाली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' तपासा. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'वैष्णवी संतोष' आणि आधारवर 'वैष्णवी संतोषराव' एवढ्या फरकानेही अर्ज अडतो. तो बारावीच्या परीक्षेआधीच दुरुस्त करा.

घणसोली_पालक
धाकटा भाऊ आठवीत, पालिका शाळेतच.

नाका_मित्र
त्याला याच वर्षी एनएमएमएसला (आठवीतल्या मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा) बसवा. उत्पन्नमर्यादा साडेतीन लाख, सातवीत ५५ टक्के हवेत. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,०००. मात्र अकरावी शासकीय किंवा अनुदानित कॉलेजातच घ्या, नाहीतर शिष्यवृत्ती बंद होते. आणि मुख्याध्यापकांना एक विनंती करा: संस्थांच्या मदतीने वह्या वाटतात, तसंच नववीतच शाळेत दाखल्यांचं शिबिर घ्या. बहिणीची वैधता निघाली की त्याचा अर्ज त्याच कागदांवर होईल.