मदत हवी आहे: पीएस ५ आणि तगडा गेमिंग पीसी, तुलना नेमकी कशी करायची?

नमस्कार मंडळी. घरी पीएस ५ (सोनीचा गेम कन्सोल) आहे, ४के टीव्ही आहे. आता गेमिंग पीसी जोडायचा विचार पक्का होत आलाय, पण आकडे बघून डोकं चक्रावलंय.

पीएस ५ चा जीपीयू (गेमचं चित्र तयार करणारी चिप) १०.२८ टेराफ्लॉप्सचा (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं). एनव्हीडियाच्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाचा साधारण ८२. म्हणजे कागदावर आठपट! पण फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) काही आठपट मिळत नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे एनव्हीडियाने ३०च्या मालिकेपासून गणिती युनिट्सची रचना बदलली, त्यामुळे टेराफ्लॉप्स फुगलेले दिसतात आणि एएमडीच्या आरडीएनए २ शी (पीएस ५ मधल्या जीपीयूची रचना) थेट तुलना होत नाही. हे बरोबर आहे का?

खरी अडचण मेमरीची. पीएस ५ मध्ये १६ जीबी जीडीडीआर६ आहे, पण ती सीपीयू आणि जीपीयू दोघांत वाटली जाते. वेग ४४८ जीबी प्रति सेकंद. आरटीएक्स ४०६० चे टेराफ्लॉप्स पीएस ५ पेक्षा जास्त, सुमारे १५, मात्र मेमरी ८ जीबी आणि वेग २७२. मग ४के टेक्श्चर्स (वस्तूंच्या पृष्ठभागांची बारीक चित्रं) लावल्यावर हे कार्ड कन्सोलच्या मागे पडतं का? की त्याची मोठी कॅश (चिपमधलीच वेगवान मेमरी) आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारं एनव्हीडियाचं तंत्र) ती कसर भरून काढतात?

४०९० एकटंच ४५० वॅट खातं, उन्हाळ्यात खोलीची भट्टी होईल. त्यामुळे १२ किंवा १६ जीबीचं मधलं कार्ड घ्यावं असं वाटतंय. ज्यांनी एकाच टीव्हीवर दोन्ही वापरलंय, त्यांनी कृपया गेमचं नाव, सेटिंग आणि फ्रेमरेट सांगा. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड-सावल्या दाखवणं) चालू ठेवून काय फरक दिसतो, हे तर आवर्जून लिहा.