सल्ला हवाय: १९७० ची शेव्हरोले शेव्हेल गाडी, पत्राकाम आणि प्रायमर, सुरुवात कुठून करू?

रविवारचा_मेकॅनिक: नमस्कार मंडळी, मी मिशिगनला असतो. १९७० ची शेव्हेल घेतलीय, दोन दारांची, व्हाइनिल छतवाली (छताच्या पत्र्यावर रेक्झिनसारखं कव्हर चिकटवलेली). इंजिन चालतंय पण पत्र्याची पार वाट लागलीय, इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात त्याने क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) खालून सडलंय आणि मागच्या चाकाच्या कमानीला लोहचुंबक चिकटतच नाही, म्हणजे कुणीतरी नुसती पुट्टी थापलीय. अख्खी गाडी सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने रंग-गंज उडवून आणू का? आणि पुट्टी उघड्या पत्र्यावर लावायची की इपॉक्सी प्रायमरवर (पत्र्याला गंजापासून वाचवणारा रंगाखालचा थर)? रंग बाहेरून मारून घेईन, तयारी मात्र मलाच करायचीय, लहानपणी मिरजेत गॅरेजसमोर तासन्‌तास उभा राहायचो तेव्हापासूनची हौस आहे.

पत्रेवाला: दादा आधी ते व्हाइनिल काढा, बाकी सगळं नंतर. त्याच्याखाली पाणी मुरतं आणि मागच्या काचेच्या कडेचा पत्रा आतून सडतो, मग तेच पाणी डिकीत उतरतं. माझ्या गाडीला वरून एक डाग नव्हता, काचेभोवतीची पट्टी काढली तर बोट आरपार गेलं. आणि बॉनेट, छत, दारं सँडब्लास्टला अजिबात देऊ नका, सपाट पत्र्याला लाटा येतात आणि त्या नंतर बसत नाहीत. तिथे पेंट रिमूव्हर नाहीतर ८० नंबरचा पेपर.

गॅपवाला_काका: अजून एक, या गाडीची बॉडी वेगळ्या फ्रेमवर बसते आणि मधले रबरी बुश इतक्या वर्षांत चेपलेले असणार. ते बदला, दारं-डिकी लावून त्यांच्या कडेच्या फटी (गॅप) सारख्या जमवा, मगच क्वार्टर वेल्ड करा, उलटं केलंत तर दार नंतर कधीच नीट लागणार नाही. वेल्डिंग सलग नको, लांब लांब अंतरावर टाके घ्या आणि मधे गार होऊ द्या.

रविवारचा_मेकॅनिक: बुशचं डोक्यातच नव्हतं, खूप आभार. आणि पुट्टी?

पत्रेवाला: दोन्ही पद्धती चालतात, पण आपण घरी शनिवार-रविवार काम करणार आणि उघडा पत्रा दमट हवेत लगेच गंज धरतो म्हणून मी इपॉक्सीच आधी मारतो, ती सुकली की खरखरीत करून वर पुट्टी. ३ मिलिमीटरपेक्षा जाड पुट्टी लागत असेल तर पत्रा अजून ठोकायचा बाकी आहे असं समजा. मग हाय बिल्ड प्रायमर (बारीक खड्डे भरणारा जाड थर), त्यावर काळ्या गाइड कोटचा, म्हणजे खड्डे दाखवणाऱ्या रंगाचा हलका फवारा आणि लांब ब्लॉकला पेपर लावून घासा, आधी १८० नंबर, मग ३२०, शेवटी ६०० पाण्यात. काळं राहिलं तिथे खड्डा. हाताच्या बोटांनी घासू नका, रंगावर पन्हळ्या दिसतात.

गॅपवाला_काका: टू-के प्रायमरच्या (हार्डनर मिसळून मारायचा प्रायमर) हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं, साध्या धुळीच्या मास्कवर मारू नका, बाहेरून हवा पुरवणारा मास्क घ्या. आणि घरात लहान मुलं असतील तर घराला चिकटलेल्या गॅरेजमध्ये तर मारूच नका, कळकळीने सांगतोय.

रविवारचा_मेकॅनिक: व्हाइनिल काढलं आज. काचेखाली डाव्या कोपऱ्यात वीतभर पत्रा गेलाय. तिथे बसवायला पत्र्याची नवीन पट्टी आणि बुश दोन्ही मागवतोय.