आई लातूरहून येतेय, स्वतः मेस चालवते. मुंबईत जेवायला कुठे नेऊ?

डोंबिवलीची_लेक
आई पुढच्या महिन्यात आठ-दहा दिवस माझ्याकडे राहायला येतेय. लातूरला ती क्लासच्या मुलांची मेस चालवते, बाबा गेल्यापासून एकटीच. मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की मुलं आपापल्या गावी जातात, तेवढीच काय ती तिची सुट्टी. एरवी पहाटे चारला तिची कणीक मळून झालेली असते. या खेपेला तिला दोन-तीनदा तरी बाहेर नेऊन मनासारखं जेवू घालायचं आहे.

गेल्या वर्षी एका मॉलमधल्या हॉटेलात नेलं होतं. उजेड इतका कमी की मेनूकार्ड वाचायला मोबाईलचा टॉर्च लावावा लागला. पानात घास शिल्लक असतानाच वेटर ताट उचलायला उभा. मग आईनेच सगळ्यांची ताटं ओढून घेतली, खरकटं एका ताटात काढलं, वाट्या एकात एक घातल्या आणि कागदी रुमालाने टेबल पुसून टाकलं. हे म्हणाले, "आई, राहू द्या हो." तर म्हणाली, "त्या एकट्या पोराकडे टेबलं किती आहेत, बघितलंत का?" बिलावरचा दहा टक्के सर्व्हिस चार्जही तिच्याच नजरेला पडला. घरी आल्यावर तिने गुपचूप भात-पिठलं टाकलं. मला फार लागलं ते.

आई माळकरी आहे, त्यामुळे जिथे मटण-मासे शिजतात तिथलं पाणीही घेत नाही. शुगर असल्याने जेवणाला उशीर चालत नाही. गुडघे दुखतात. आणि आमटीत गूळ पडला की ती वाटी बाजूला सरकवते!

दादर_पश्चिम
ताई, शिवसेना भवनाजवळचं आस्वाद. 1986 पासूनचं आहे, पूर्ण शाकाहारी, तळमजल्यावर. थालीपीठ आणि मिसळ मागवा. शनिवार-रविवारी बाहेर नावं लिहून ताटकळावं लागतं, म्हणून मधल्या वारी सकाळी नऊच्या सुमारास जा. शुगरवाल्या माणसाला रांगेत उभं करू नका. प्रकाशही छान आहे, पण जागा लहान आणि मागे माणसं खोळंबलेली असतात. तुमच्या आईंना लगेच उठावंसं वाटेल.

माटुंगेकर
आस्वाद चांगलंच आहे, पण वर्षभर थालीपीठ थापणाऱ्या बाईंना सुट्टीत पुन्हा थालीपीठ कशाला? माझी सासू नगरला डबे करायची, म्हणून अनुभवाने सांगतो. अशा माणसाला दुसऱ्याच्या हातचं, आणि जे आपण करत नाही असं खायला आवडतं. शिवाय तिचं अर्धं लक्ष पानात आणि अर्धं कामावर असतं. भात किती वेळाने आला, वाढपी किती, भाजी गरम राहते कशी. हे सगळं जिथे डोळ्यांसमोर दिसतं तिथे ती रमते. मॉलमध्ये स्वयंपाकघर दाराआड असतं, तिथे तिने बघायचं काय?

म्हणून माटुंग्याला या. स्लो लोकल घ्या, फास्ट तिथे थांबत नाही. मध्य रेल्वेचं हे स्टेशन 2017 पासून पूर्णपणे बायका चालवतात, तिकीट खिडकीपासून स्टेशन मास्तरांपर्यंत. आईंना आवर्जून सांगा, त्यांना आवडेल. पूर्वेला उतरलात की समोरच रामा नायकांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, 1942 सालचं. केळीच्या पानावर पंगतीसारखं जेवण. वाढपी फिरत असतात. सांबार, रस्सम, भाज्या, पापड, ताक, पुऱ्या किंवा चपात्या, भात. रस्सम तिखट-आंबट असतं, पण उडिपी पद्धतीच्या रस्सम-सांबारात थोडा गूळ असू शकतो, आधी विचारून घ्या. भात बेताने घ्या म्हणावं, चपात्यांवर भर द्यावा.

माझी सासू पहिल्यांदा आली तेव्हा दोन घास खाऊन वाढप्यालाच विचारत बसली, डाळ कुठली, रस्समचा मसाला घरी कुटता का. तो काही चिडला नाही, पुढच्या पानावर वाढता वाढता उत्तरं देत होता. नंतर तिने गल्ल्यावर विचारलं, स्वयंपाकघर बघू का? बघू दिलं. घरी येईपर्यंत ती मोठमोठ्या पातेल्यांबद्दलच बोलत होती. तुम्हीही विचारून बघा. त्या काय काम करतात हे आईंनाच सांगू द्या, आपण मध्ये बोलायचं नाही.

अडचण एकच, जागा पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. सकाळी साडेअकराच्या आत पोचा, गर्दी नसते, जिना सावकाश चढता येतो. सोमवार टाळा, माटुंग्यातली काही जुनी ठिकाणं त्या दिवशी बंद असतात. जिना जमणारच नसेल तर चालत दहा-बारा मिनिटांवर किंग्ज सर्कलला कॅफे मद्रास आहे, 1940 चं. रस्सम इडली, रागी डोसा, फिल्टर कॉफी. तिथेही नाव लिहून थांबावं लागतं, पण सकाळी लवकर गेलात तर बरं पडतं.

हिशोबी
सर्व्हिस चार्ज द्यायची सक्ती नाही, हे आईंना नक्की सांगा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच तशा सूचना काढल्या होत्या. हॉटेलवाले कोर्टात गेले, पण मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. बिलात आपोआप लावला असेल तर काढून द्या म्हणायचं. नाही म्हणाले तर ग्राहक हेल्पलाइन 1915. जीएसटी मात्र द्यावाच लागतो. टीप द्यायची तर थेट त्या पोराच्या हातात द्या.

डोंबिवलीची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. माटुंगेकर दादा, तुमच्या सासूबाईंचं वाचून मी आईला लगेच फोन केला. म्हणाली, "एक मजला ना? आपल्या मेसची गच्ची दिवसातून चार वेळा चढते मी." त्यामुळे जिन्याचा प्रश्न मिटला. बुधवारी जायचं ठरवलंय. आता ती विचारतेय, रस्समचा मसाला तिथे सुटा मिळतो का, जूनमध्ये मुलं परत आली की करून बघायचा आहे.

माटुंगेकर
तिथे मिळेल असं नाही, पण खाली उतरलात की माटुंगा बाजारात दक्षिणी किराणाची दुकानं आहेत. रस्सम पूड आणि ताजी दळलेली कॉफी दोन्ही मिळेल. आईंना कढीपत्ताही तिथूनच घ्यायला सांगा, मोठ्या जुड्या असतात. पिशवी घेऊन या.