३६ व्होल्टची जुनी ई-झेड-गो टीएक्सटी गोल्फ कार्ट : आधी दुरुस्ती, मग लिथियम. क्रम कसा ठेवू?

पीचट्रीकर
नमस्कार मंडळी. अटलांटाच्या दक्षिणेला पीचट्री सिटीत राहतो. गावात जवळपास १०० मैल लांबीच्या कार्टच्या वाटा आहेत, त्यामुळे रोजच्या वापरासाठी १९९८ची ई-झेड-गो टीएक्सटी घेतली आहे. सहा व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या, दोन वर्षं न हलवता उभी. आत्ताची स्थिती अशी :

पॅकवर २३ व्होल्ट दिसतात. चार्जर लावला तर रिले ओढल्याचा आवाजसुद्धा येत नाही. पुढे-मागे करायच्या लिव्हरखालचं प्लॅस्टिक वितळलंय. बॅटरीच्या ट्रेला गंज आणि पांढरी भुकटी.

बॅटऱ्या वाचतील का? की थेट ४८ व्होल्ट लिथियम टाकू? मोटर तीच चालेल का? चार माणसं घेऊन चढावर दम टिकावा आणि वेग ताशी १८ मैलांच्या आसपास मिळावा, एवढीच अपेक्षा आहे.

तांब्याची तार
पहिलं काम : मोटर सिरीज आहे (फील्डची गुंडाळी आर्मेचरच्याच ओळीत) की सेपेक्स (फील्डला वेगळा, कमी करंट), ते ओळखा. त्या काळात टीएक्सटीमध्ये दोन्ही येत होत्या आणि कंट्रोलर (मोटरला जाणारा करंट सांभाळणारा भाग) त्यावरच ठरतो. मोटरवर चार टर्मिनल दिसतील. एस१-एस२ च्या केबली ए१-ए२ इतक्याच जाड असतील तर सिरीज. एफ१-एफ२ लिहिलेलं असेल आणि तिथे बारीक वायर असेल तर सेपेक्स. लिव्हरखाली जळके जाड तांब्याचे कॉन्टॅक्ट असतील तर बहुतेक सिरीजच.

चार्जर इतक्यात टाकून देऊ नका. जुन्या चार्जरचा रिले पॅकच्याच व्होल्टेजवर ओढला जातो. २३ व्होल्टवर तो उठत नाही, यात बिघाड काही नाही. प्रत्येक बॅटरी ६ व्होल्टच्या साध्या चार्जरने वेगळी चार्ज करा (‘स्मार्ट’ चार्जर इतकी उतरलेली बॅटरी ओळखतच नाहीत). त्याआधी झाकणं उघडून प्लेटा बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला, पूर्ण पातळी चार्ज झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना पाणी फुगून ॲसिड बाहेर येतं, आणि ट्रेवरची तुमची भुकटी त्याचीच. गॅरेजचं दार उघडं ठेवा, डोळ्यांवर चष्मा, हातात अंगठी नको.

चार्जनंतर १२ तास तशीच ठेवून मोजा. चांगली बॅटरी ६.३ ते ६.४ व्होल्ट दाखवते. ४.२ च्या आसपास अडकली तर तिचा एक सेल मेला. दोन वर्षं उतरलेल्या अवस्थेत राहिल्यावर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, त्यामुळे या बॅटऱ्यांवर पुढे भरवसा ठेवू नका. पण बाकीची गाडी तपासण्यापुरत्या त्या फार उपयोगी आहेत. नवीन लिथियम लावल्यावर पहिल्यांदा दोष शोधायला बसणं महागात जातं.

ग्रीस आणि पाना
वरच्याशी सहमत. मी करंटच्या वाटेबद्दल लिहितो, कारण जुन्या कार्टची ताकद तिथेच गळते.

चढावर २०० ॲम्पिअर वाहताना एखाद्या जोडावर अर्धा व्होल्ट पडला तरी तिथे १०० वॅट उष्णता होते. तुमचं प्लॅस्टिक असंच वितळलंय. तो पुढे-मागेचा स्विच घासून परत बसवू नका. तापलेल्या कॉन्टॅक्टची स्प्रिंग मऊ पडलेली असते, दाब कमी राहतो आणि महिन्याभरात पुन्हा वितळतो. जास्त ॲम्पिअरचा संपूर्ण नवीन स्विच घ्या. ई-झेड-गो जॉर्जियातल्याच ऑगस्टा शहरातली, तुमच्या राज्यात सुटे भाग मिळायला अडचण येऊ नये.

केबली सगळ्या बदला. मूळच्या ६ गेजच्या असतील, त्याऐवजी २ गेजची, म्हणजे सुमारे ३३ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची वेल्डिंग केबल. लग (केबलच्या टोकाची भोकाची टोपी) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा, हातोडीने ठोकू नका. लग बॅटरीच्या शिशाला थेट टेकला पाहिजे, वॉशर त्याच्या वर. वॉशर मध्ये घालणं ही सर्रास होणारी चूक आहे.

ट्रे : खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, फेस येणं थांबेपर्यंत. धुवा, पूर्ण वाळवा, तारेच्या ब्रशने खरवडा, इपॉक्सी प्रायमर द्या. टीएक्सटीची चौकट पोलादी आहे, त्यामुळे सोड्याशिवाय नुसता रंग दिलात तर खालून ॲसिड खातच राहतं. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आरपार गेला तर तेवढा अँगल कापून नवीन वेल्ड करा.

मोटर : केबली काढून ए१-ए२ आणि एस१-एस२ मध्ये एक ओहमच्या आत रेझिस्टन्स हवा. ए आणि एस मध्ये जोड (कंटिन्युइटी) अजिबात नको, कुठल्याही टर्मिनलपासून बॉडीलाही नको. कार्बन ब्रश आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) बघा. एकसारखा तपकिरी रंग चांगला, काळे चट्टे किंवा वर आलेल्या पट्ट्या असतील तर आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) खरादावर द्यावं लागेल. सिरीज मोटर गाडीतून काढून भाराशिवाय पूर्ण व्होल्टेजवर कधीही फिरवू नका. तिचा वेग वाढतच जातो आणि आर्मेचर फुटू शकतं. बाकावर तपासायला १२ व्होल्ट, तेही मोटर नीट आवळून, दोन-चार सेकंद.

पीचट्रीकर
एस१-एस२ जाडच निघाल्या, म्हणजे सिरीज. चार्ज करून ठेवल्यावर पाच बॅटऱ्या ६.२ च्या आसपास आल्या, एक ४.१ वर अडकली. मोटरची मापं तुम्ही दिल्याप्रमाणे आहेत. आता लिथियम : दुकानदार ५१.२ व्होल्ट १०५ ॲम्पिअर-तास सुचवतो. आधीच्या बॅटऱ्या २२५ च्या होत्या. निम्म्याहून कमी कशा पुरतील?

१६ सेल
पुरतील. २२५ हा आकडा वीस तासांत हळूहळू उतरवल्यावरचा. ट्रोजन टी-१०५ सारखी बॅटरी ७५ ॲम्पिअरवर ११५ मिनिटं चालते, म्हणजे खरे १४४ ॲम्पिअर-तास. ३६ व्होल्टने गुणा : सुमारे ५.२ किलोवॅट-तास. तुमचं लिथियम ५१.२ गुणिले १०५, म्हणजे ५.४. शिवाय लेड-ॲसिड निम्म्याच्या फार खाली रोज नेली तर आयुष्य घटतं, लिथियमला तो त्रास बराच कमी. सहा बॅटऱ्यांचं वजन १६८ किलो होतं, नवीन पॅक साधारण ५० किलोच्या आत. ट्रेमध्ये जागा उरते, म्हणून पॅक पट्ट्याने आणि बोल्टने चारही बाजूंनी आवळा.

व्होल्टेज वाढल्यावर काय काय बदलायचं :

सोलेनॉइड (पेडल दाबल्यावर मुख्य करंट जोडणारा स्विच) ४८ व्होल्ट कॉइलचा. जुना ३६ चा वापरला तर कॉइल तापून जळते. त्याच्या मोठ्या टर्मिनलांवर २५० ओहमचा प्रीचार्ज रेझिस्टर आणि कॉइलवर डायोड, त्याच्यावरचा पट्टा पॉझिटिव्हकडे. रेझिस्टर नसेल तर प्रत्येक वेळी कंट्रोलरचे कपॅसिटर एका झटक्यात भरतात, ठिणगी पडते आणि एक दिवस कॉन्टॅक्ट चिकटून बसतात. मग पेडल सोडलं तरी सोलेनॉइड सुटत नाही.

कंट्रोलर ४८ व्होल्टला चालणारा, सिरीज मोटरचा, ४०० ॲम्पिअरचा. ई-झेड-गोचा आयटीएस थ्रॉटल (पेडल किती दाबलं ते सांगणारा सेन्सर) स्वीकारतो ना, ते विकत घेण्याआधीच विचारा. इथे बीएमएसचा (पॅकमधल्या संरक्षक सर्किटचा) घोळ होतो. सुरुवातीला मोटरला ३०० ॲम्पिअर जात असले तरी बॅटरीतून त्याहून बरेच कमी निघतात, कारण कंट्रोलर व्होल्टेज उतरवत असतो. पण चढावर पेडल पूर्ण दाबल्यावर दोन्ही आकडे सारखे होतात आणि २०० ॲम्पिअरचा बीएमएस मध्येच गाडी बंद पाडतो. कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅटरी करंटची मर्यादा बीएमएसच्या सलग क्षमतेच्या थोडी खाली ठेवा.

फ्यूज क्लास-टी, पॉझिटिव्हच्या जवळ. बहुतेक एएनएल फ्यूज ३२ व्होल्टचे असतात, ५१ व्होल्टवर आर्क विझवतील याचा भरवसा नाही. दिव्यांना ४८ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर. चार्जर ५८.४ व्होल्टचा, लिथियमसाठीचाच. जुना चार्जिंग सॉकेट काढूनच टाका, म्हणजे चुकून कोणी जुना चार्जर खुपसणार नाही. शून्य अंश सेल्सियसखाली चार्जिंग तोडणारा बीएमएस घ्या. जॉर्जियात जानेवारीच्या पहाटे पारा तिथपर्यंत उतरतो. जुना व्होल्टमीटर आता निरुपयोगी, कारण लिथियमचं व्होल्टेज मधल्या भागात जवळपास सपाट राहतं. शंटवाला मीटर (आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा) लावा.

ग्रीस आणि पाना
वेगाबद्दल एक गोष्ट राहिली. व्होल्टेज वाढलं की वेग त्याच प्रमाणात वाढतो. १३ मैलांची गाडी १८ च्या आसपास जाईल, म्हणजे तुमची अपेक्षा मोटर न बदलता पूर्ण होते. त्याच्या पुढे जाऊ नका. ताशी २० मैलांपेक्षा जास्त धावणारी गाडी संघराज्याच्या नियमात वेगळ्या वर्गात जाते, मग सीटबेल्ट, विंडशील्ड, आरसे, व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) हे सगळं लागतं.

त्याहून महत्त्वाचे ब्रेक. सिरीज कार्टला रीजन नसतं. उतारावर पाय काढला तरी मोटर अडवत नाही, गाडी मोकळी घरंगळते. आणि ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, केबलवर चालणारे. म्हणून लिथियम लावण्याआधी ड्रम उघडा, लायनर, स्प्रिंगा आणि दोन्ही केबली बघा. केबल आवरणात अडखळत असेल तर तेल सोडू नका, जोडीने बदला. ड्रम परत बसवल्यावर पेडल दहा-पंधरा वेळा दाबा, म्हणजे ॲडजस्टर आपोआप जागेवर येतात. मग मागची चाकं जॅकवर घेऊन, पुढच्यांना ठोकळे लावून, दोन्ही चाकं सारखी अडतात का ते हाताने फिरवून पाहा.