प्रतिसाद : काचेशिवायचा रेंजफाइंडर
जुन्या रेंजफाइंडरची, म्हणजे दूरच्या वस्तूचं अंतर मोजायच्या यंत्राची, प्रतिकृती प्रिझम आणि भिंगं जुळवल्याशिवाय होणारच नाही, असं मूळ लेखात म्हटलंय. वेल्डनच्या किंवा बार अँड स्ट्राउडच्या काचा असलेल्या यंत्रांबाबत ते मान्य. पण अमेरिकन यादवी युद्धातल्या (१८६१-६५) पितळी स्टॅडियात (हातात धरून अंतर मोजायच्या पट्टीत) काचच नाही! निमुळत्या फटीची पट्टी, तिच्यावर सरकणारा दर्शक आणि ठरावीक लांबीची दोरी, बस्स. दोरीचं टोक दातांत धरून पट्टी समोर ताणायची, आणि दूरचा शिपाई डोक्यापासून पायापर्यंत फटीत बसेल तिथे दर्शक आणायचा; तिथे कोरलेला आकडा म्हणजे अंतर. घोडेस्वारासाठी मापं वेगळी.

खरी मेख या अंतराच्या खुणा कोरण्यात आहे. दोरी ६० सेंमी आणि माणूस १.७ मीटर धरला, तर १०० मीटरवर फट १०.२ मिमी लागते, २०० वर ५.१ आणि ४०० वर जेमतेम २.५५. तिथे अर्धा मिलिमीटर चुकला तर अंतर ६५ ते १०० मीटरनी हुकतं. म्हणून फट थोडी अरुंद कापून मग कानशीने, कॅलिपर लावत लावत वाढवावी. सुती दोरी तर नकोच, ती ताणते. बारीक साखळी बरी. तयार प्रतिकृती घेणाऱ्यांनीही आधी हाच हिशोब करून पाहावा, शोभेच्या वस्तूंवरच्या आकड्यांचा भरवसा नसतो.